जनुक संपादन हातानं शिकणं: यीस्ट, क्रिस्पर आणि सगळ्यांना खुली असलेली प्रयोगशाळा

निर्गुडी
क्रिस्पर या जनुक संपादनाच्या तंत्राबद्दल मराठीत बरंच लिहिलं गेलंय. २०१२ चा डाउडना आणि शार्पेंतिए यांचा शोधनिबंध, २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल, २०१८ साली चीनमध्ये जन्मलेल्या, जनुकं संपादित केलेल्या जुळ्या मुलींचं प्रकरण. पण प्रयोगशाळेतल्या बाकापाशी उभं राहून हे करताना नक्की काय करावं लागतं, ते मला कुठे वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

मी बारावीनंतर जीवशास्त्र सोडलं. बँकांचं सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, जर्सी सिटीत राहते. नदीपलीकडे न्यूयॉर्कमधल्या एका सामुदायिक प्रयोगशाळेत क्रिस्परचा वर्ग केला आणि मग सभासद होऊन तिथेच शिकत राहिले.

अशा प्रयोगशाळा अमेरिकेत बऱ्याच आहेत. २००८ मध्ये हौशी जीवशास्त्राची चळवळ आकाराला आली, २०१० साली ब्रुकलिनमध्ये जेनस्पेस सुरू झाली, मग बाल्टिमोर, कॅलिफोर्नियातलं सनीव्हेल, ओकलंड, तिकडे पॅरिस. वर्गणी भरायची, सुरक्षेचं प्रशिक्षण पूर्ण करायचं, काय करणार ते लिहून द्यायचं आणि मंजुरी मिळाली की काम सुरू. यंत्रं बहुतेक जुनी, कुठल्या तरी बंद पडलेल्या कंपनीतून आलेली. माझ्या बाजूच्या बाकावर एक निवृत्त शिक्षिका होत्या, पलीकडे एक सुतारकाम करणारा मुलगा.

आमचा प्रयोग बेकरीच्या यीस्टवर, म्हणजे त्याच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या जातीवर होता. यीस्टमध्ये एडीई-२ नावाचं जनुक असतं. पेशी अ‍ॅडेनीन हा डीएनएचा घटक तयार करते त्या साखळीतल्या एका पायरीचं एन्झाइम या जनुकावरून बनतं. ते बंद पाडलं की त्या पायरीच्या आधीचा पदार्थ पेशीत साचतो, त्याचं लाल रंगद्रव्य होतं आणि पांढरट कॉलनी (एका पेशीपासून वाढलेला ठिपका) गुलाबी-लाल दिसायला लागते. जनुक बदललं की नाही याचा पहिला अंदाज नुसत्या डोळ्यांनी येतो. शिकायला याहून चांगलं जनुक नसेल.

डीएनए ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो, आणि क्रिस्परमधलं कॅस-९ हे प्रथिन तो कापतं. कुठे कापायचं ते त्याच्यासोबतचा गाइड आरएनए ठरवतो, त्यातली २० अक्षरं आपण निवडतो. अट एकच: डीएनएवर त्या २० अक्षरांच्या लगेच पुढे कुठलंही एक अक्षर आणि मग दोन जी हवेत. यीस्टचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, सुमारे १ कोटी २० लाख अक्षरांचा आहे, त्यामुळे २० अक्षरांची जागा सहसा एकमेव निघते. एखाद-दोन अक्षरं चुकली तरी कॅस-९ कधी कधी कापतं, म्हणून मिळत्याजुळत्या जागा शोधून पाहाव्याच लागतात.

पण कापणं म्हणजे संपादन नव्हे, हे मला तिथे खऱ्या अर्थानं कळलं. कापलेला डीएनए पेशी स्वतः दुरुस्त करते आणि बदल होतो तो त्या दुरुस्तीत. यीस्टला नमुना बघून दुरुस्ती करायची सवय. म्हणून आम्ही साधारण शंभर अक्षरांचा एक छोटा डीएनए तुकडा सोबत दिला. त्याची दोन्ही टोकं मूळ जनुकाशी जुळणारी, मध्ये 'इथे थांब' सांगणारा कोडॉन (तीन अक्षरांचा संकेत), आणि ते दोन जी बदललेले. जी का बदलायचे? ते तसेच राहिले तर कॅस-९ दुरुस्त झालेली जागा पुन्हा कापेल.

प्रत्यक्ष कामाचा मोठा भाग पिपेटचा, म्हणजे द्रव मोजून उचलायच्या साधनाचा आहे. पहिला पूर्ण तास आम्ही रंगीत पाणी उचलून वजनकाट्यावर टाकत होतो. एक मायक्रोलिटर पाणी म्हणजे एक मिलिग्रॅम, त्यामुळे हात किती चुकतोय ते काटा लगेच दाखवतो. अंगठा पहिल्या अडथळ्यापर्यंत दाबून द्रव उचलायचा, सोडताना दुसऱ्या अडथळ्यापर्यंत दाबायचा. मग यीस्ट लिथियम अ‍ॅसिटेटमध्ये धुवायचं. त्यात उकळून बर्फात ठेवलेला सॅमन माशाचा डीएनए, आपला प्लास्मिड (कॅस-९ आणि गाइड बनवायची माहिती असलेली डीएनएची छोटी गोल कडी) आणि दुरुस्तीचा नमुना घालायचा, वर पॉलिइथिलीन ग्लायकॉल ओतायचं. हे ग्लायकॉल पाकासारखं घट्ट. घाईनं उचललं तर टिपमध्ये अर्धी हवा येते आणि प्रमाण बिघडतं. टिपचं टोक जरा कापून रुंद केलं तर बरं उचलता येतं. मग नळ्या ४२ अंशांच्या पाण्यात ठेवायच्या, त्या उष्णतेच्या धक्क्यात डीएनए पेशीत शिरतो. नंतर दोन तास पेशींना सावरू द्यायचं आणि जी-४१८ हे औषध घातलेल्या अगारवर, म्हणजे पेशी वाढवायच्या जेलीवर पसरायचं. प्लास्मिड आत गेलेल्या पेशीच या औषधात जगतात.

प्लेटा चार होत्या. पहिलीत प्लास्मिड दिलाच नव्हता, तिथे काहीच उगवलं नाही. दुसरीत कॅस-९ होतं पण गाइड नव्हता, ती पांढऱ्या कॉलन्यांनी भरली. तिसरीत कॅस-९ आणि गाइड दिले, दुरुस्तीचा नमुना नाही. ती जवळजवळ रिकामी. चौथीत तिन्ही, आणि तिथे बऱ्याचशा कॉलन्या गुलाबी. मला विचाराल तर खरी शिकवण तिसऱ्या प्लेटमध्ये होती. ती रिकामी आहे याचा अर्थ कॅस-९ खरोखर कापतंय आणि नमुना नसल्यामुळे पेशी मरताहेत. ती प्लेट नसती तर चौथीतल्या गुलाबी रंगावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

सागरगोटा
सुंदर लिहिलं आहेस, निर्गुडी. माझे दोन प्रश्न. चौथ्या प्लेटवरच्या पांढऱ्या कॉलन्यांचं काय? त्यांच्यात संपादन झालंच नाही असं धरायचं का? आणि या सगळ्याचा कचरा कुठे जातो? औषधाला दाद न देणारं यीस्ट बेसिनमध्ये जात असेल तर मला ते पटत नाही.

निर्गुडी
कचऱ्याचं आधी सांगते. बेसिनमध्ये काहीही जात नाही. द्रव ब्लीचमध्ये अर्धा तास ठेवतात, प्लेटा आणि टिप्स ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) १२१ अंशांवर जातात, त्यानंतरच बाहेर. काम सगळं सुरक्षेच्या पहिल्या पातळीवरचं, म्हणजे निरोगी माणसाला आजार न देणारेच जीव तिथे वापरायचे. आमची जात प्रयोगशाळेत दशकानुदशकं वाढवलेली. तिचा मूळपुरुष १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या मर्सेडला एका सडलेल्या अंजिरावर सापडला होता. शिवाय एडीई-२ बंद पडलेल्या यीस्टला अ‍ॅडेनीन आयतं द्यावं लागतं. आणि औषधाला दाद न देण्याचा गुण प्लास्मिडवर असतो, औषधाविना काही पिढ्या वाढवलं की पेशी प्लास्मिड टाकून देते. कॅस-९ ही त्याच्याबरोबर जातं.

पांढऱ्या कॉलन्यांबद्दल विचारलंस ते फार बरं झालं. काही ठिकाणी संपादन झालेलं नसतं हे खरं. पण लाल रंगद्रव्य तयार व्हायला पेशीचं श्वसन नीट चालावं लागतं. ज्या यीस्टची मायटोकॉन्ड्रिया बिघडलेली असते ते एडीई-२ बंद असूनही पांढरंच राहतं, त्याच्या कॉलन्याही खुरट्या असतात. ओळखायचं कसं? ग्लिसरॉलवर वाढवून बघायचं. श्वसनाशिवाय ग्लिसरॉल पचत नाही, त्यामुळे ही कॉलनी तिथे वाढत नाही.

उलट बाजूही आहे. लाल दिसलं म्हणजे एडीई-२ च बदललं असंही नाही, कारण त्याच साखळीतलं एडीई-१ हे जनुक बंद पडलं तरी रंग लालच येतो. म्हणून शेवटी कॉलनीतून डीएनए काढून तेवढा भाग पीसीआरनं (डीएनएच्या भरपूर प्रती काढायच्या पद्धतीनं) वाढवायचा, जेलवर पट्टा बघायचा आणि सिक्वेन्सिंगला, म्हणजे अक्षरं वाचायला पाठवायचा. अक्षरं वाचून आली की मगच वहीत 'झालं' असं लिहायचं. आमच्या शिक्षिका याबाबतीत जराही सूट देत नाहीत.

करवंद
लेखन आवडलं, पण मूळ कल्पनेबद्दल शंका आहे. विद्यापीठात उत्तरदायित्व असतं, वरिष्ठांची देखरेख असते. सुतार आणि बँकवाले जनुकं बदलायला लागले तर उद्या कोणी तरी स्वतःच्याच शरीरावर प्रयोग करेल. तसं झालेलंही आहे. माझ्या मते ज्ञान सर्वांना द्यावं, साधनं देऊ नयेत.

निर्गुडी
करवंद, तुमची काळजी रास्त आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये हौशी जीवशास्त्राच्या चळवळीतले जोसाया झेनर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत लोकांसमोर स्वतःच्या हातात क्रिस्परचं इंजेक्शन टोचून घेतलं होतं. पुढे त्यांनीच त्याबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं बजावलं की स्वतःवर वापरायची जनुकोपचाराची किट विकणं बेकायदा आहे. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियानं अशा किटवर इशारा छापायचा कायदा केला. जर्मनीत तर परवाना नसलेल्या जागी जनुकीय बदल करणं हाच गुन्हा आहे.

पण हे इंजेक्शन आणि सामुदायिक प्रयोगशाळा या दोन गोष्टी एकत्र धरू नयेत असं मला मनापासून वाटतं. माणसावर किंवा प्राण्यावर काही करायचं नाही, रोगजंतू आणायचे नाहीत, प्रयोग आधी लिहून मंजूर करून घ्यायचा. हे नियम तिथे भिंतीवर आहेत आणि पाळले जातात. २०११ मध्ये युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या गटांनी आपापल्या बैठकांत आपापली आचारसंहिता लिहिली. एकटा माणूस बंद खोलीत जे करेल ते चार जणांच्या देखत करत नाही.

साधनं हातात का हवीत, याचं माझं उत्तर त्या तिसऱ्या प्लेटमध्येच आहे. आज कोणी क्रिस्परचा दावा केला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, 'तुमची रिकामी प्लेट कुठे आहे? सिक्वेन्स बघितला का?' वाचनानं मला क्रिस्पर माहीत झालं होतं, पण हा प्रश्न विचारायची सवय हातानं काम केल्यावरच लागली.

पळसफूल
मी नागपुरात डॉक्टर आहे, सिकलसेलचे रुग्ण रोज बघतो. वरच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत, म्हणून लिहितोय.

विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार घराघरांत आहे. बीटा ग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदललेलं असतं, ए च्या जागी टी. तेवढ्यानं रक्तपेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात, मुलं वेदनेनं तळमळतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेनं क्रिस्परवर आधारलेला पहिला उपचार मंजूर केला, तेव्हापासून आईवडील कात्रण घेऊन येतात आणि विचारतात, "डॉक्टर, हे अक्षर आता बदलता येतं ना?"

मला त्यांना समजावून सांगावं लागतं की हा उपचार ते अक्षर बदलत नाही. जन्मानंतर गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बंद करणारा एक स्विच असतो, बीसीएल-११-ए नावाचा. रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी शरीराबाहेर काढून त्यांच्यातला तो स्विच बिघडवतात. मग केमोथेरपी देऊन अस्थिमज्जा रिकामी करतात आणि त्या पेशी परत सोडतात. केमोथेरपीचा धोका आहे, वंध्यत्व येऊ शकतं, आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकविज्ञानाच्या संशोधन संस्थेनं फ्रान्सिसेला या जिवाणूपासून घेतलेल्या वेगळ्या कॅस-९ वर काम करून बिरसा १०१ नावाचा उपचार विकसित केलाय. तो रुग्णांपर्यंत परवडणाऱ्या किमतीत पोचावा, याची मी मनापासून वाट बघतोय.

पण तोवर? गावातल्या एखाद्या शिक्षकाला, आशाताईला "कापल्यावर दुरुस्ती पेशीच करते" हे एवढं जरी नीट कळलं तरी लोकांना खोटी आशा विकणाऱ्यांपासून वाचवता येईल. माझ्या रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित घ्यायला लावणं आणि लग्नाआधी तपासणी करून घेणं ही आजची लढाई आहे. हे दोन्ही सोडून कात्रणाच्या भरवशावर थांबलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

अबोली
माझा मुलगा ठाण्यात दहावीत आहे. त्यानं अमेरिकेहून मागवायचं एक क्रिस्पर किट शोधून ठेवलंय, ई. कोलाय जिवाणू असलेलं. मागवू का? स्वयंपाकघरात करता येईल असं लिहिलंय.

माळरान
अबोलीताई, मागवू नका. मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, कायद्याचा भाग सांगतो. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ चे नियम आहेत. त्यांनुसार जनुकीय बदल केलेले जीव किंवा पेशी मंजुरीशिवाय आयात करता येत नाहीत, बनवता येत नाहीत, वापरता येत नाहीत. असं काम करणाऱ्या संस्थेला जैवसुरक्षा समिती नेमावी लागते, तिच्यात जैवतंत्रज्ञान विभागानं नेमलेला सदस्य असतो. स्वयंपाकघर यात कुठेच बसत नाही. ते ई. कोलायचे किट बहुधा जिवाणूला स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारं बनवण्याचं असणार. २०१७ मध्ये जर्मनीत अशा काही किटमध्ये रोगजंतू मिसळलेले सापडले होते. जिथे जेवण बनतं तिथे हे नकोच.

पण मुलाचा उत्साह मारू नका. मी आमच्या मुलांकडून काय करून घेतो ते सांगतो. निर्गुडीताईंचा लाल रंग क्रिस्परशिवायही दिसतो. यीस्टवर मोजून अतिनील किरण सोडायचे. बऱ्याच पेशी मरतात, उरलेल्यांत कुठे तरी आपसूक बदल होतात. हजारो कॉलन्यांत एखादी लाल निघते. यात बाहेरचा डीएनए नाही, जनुक अभियांत्रिकी नाही, त्यामुळे साध्या प्रयोगशाळेतही करता येतं. डोळ्यांना चष्मा, कातडी झाकलेली, दिवा बंद पेटीत, हे मात्र हवंच. दुकानातलं बेकरीचं यीस्ट चालत नाही. त्यात प्रत्येक जनुकाच्या दोन किंवा जास्त प्रती असतात, एक बिघडली तरी दुसरी काम करते आणि रंग पांढराच राहतो. एकच प्रत असलेली जात हवी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथून कॉलेजला रीतसर मागवता येते. पोषक माध्यमात अ‍ॅडेनीन जास्त पडलं तर लाल रंग येत नाही, तेवढं सांभाळायचं. प्लेट काही दिवस फ्रिजमध्ये ठेवली की रंग आणखी गडद होतो.

यातून मुलांना एक गोष्ट फार चांगली समजते. किरणांनी बदल कुठे होईल ते आपल्या हातात नसतं, म्हणून हजारो कॉलन्या चाळाव्या लागतात. क्रिस्परनं जागा ठरवता येते. दोन्ही प्लेटा शेजारी ठेवल्या की फरक सांगावा लागत नाही.

शिवार
जालन्याहून. हे जनुक संपादन भातावर झालंय ना? आमच्या सोयाबीन-कपाशीवर कधी?

माळरान
हो, मे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं जनुक संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचा डीआरआर धान १०० म्हणजे कमला, आणि दिल्लीचा पुसा डीएसटी राइस १. कमला सांबा मसुरीवरून केलेला आहे. बाहेरचं जनुक शिल्लक राहत नाही अशा संपादित पिकांना मार्च २०२२ पासून जीएम पिकांच्या काही नियमांतून सूट आहे. सोयाबीन-कपाशीबद्दल तारीख सांगणं योग्य होणार नाही. बियाण्याच्या दुकानात कोणी 'क्रिस्पर बियाणं' म्हणून काही देत असेल तर पावती आणि वाणाचं अधिसूचित नाव मागा, शिवारभाऊ.

करवंद
माळरान सर, तुमच्या माहितीनंतर मी माझं मत थोडं बदलतो. समिती आणि परवानगी असलेल्या कॉलेजनं सुट्टीच्या दिवशी बाहेरच्यांसाठी दार उघडलं, तर माझा विरोध नाही. आपल्याकडची वाट हीच असावी.

माळरान
हेच डोक्यात आहे. आमच्या विभागात पीसीआर यंत्र शनिवारी-रविवारी बंद पडून असतं. प्राचार्यांशी बोलणं सुरू केलंय, सुरुवात अतिनील प्रयोगापासून आणि समितीची मान्यता आली की क्रिस्पर. बेंगळुरूत सृष्टी या कला-रचना संस्थेच्या मुलांनी २००९ साली आयजेम या जैव-अभियांत्रिकीच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी स्पर्धेत पहिल्या पावसाच्या मातीचा वास देणारा जिवाणू बनवायला घेतला होता. जीवशास्त्राची पदवी नसलेली ती मुलं ते करू शकली, तर आमच्या तालुक्यातले शिक्षक आणि नर्स नक्की शिकतील. निर्गुडीताई, तुमच्या वर्गाचा क्रम आणि चार प्लेटांची मांडणी मला सविस्तर पाठवाल का?

निर्गुडी
आनंदानं, सर. आजच पाठवते. आणि अबोली, मुलाला परवानगी, किट, यीस्ट यांतलं काहीही न लागता आज सुरू करता येईल असं एक काम आहे. यीस्टच्या जीनोमचा डेटाबेस सर्वांना मोफत खुला आहे. त्यात एडीई-२ शोधायचं, जनुकाची अक्षरं कागदावर उतरवायची आणि गाइड स्वतः निवडायचा. आमच्या वर्गाची सुरुवात याच कामानं झाली होती.

अबोली
बसलाय तो कालपासून! बायोलॉजी ऑलिम्पियाडमधून निवड झालेल्यांना मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रात प्रयोगांचं शिबिर असतं हेही त्याला कळलंय, अकरावीत त्याची तयारी करणार म्हणतो. त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत: "जनुकाच्या सुरुवातीलाच एका जागी पाच जी सलग आहेत. मग दोन जी कुठले धरायचे? आणि दुसऱ्या पट्टीवरचे कसे शोधायचे, ती पट्टी तर लिहिलेलीच नाही?"

निर्गुडी
दोन्ही प्रश्न अगदी नेमके आहेत, त्याला माझी शाबासकी सांग. पाच जी सलग असतील तर लागून असलेल्या जीच्या चार जोड्या निघतात. प्रत्येक जोडीच्या आधीचं एक अक्षर सोडायचं आणि त्याच्या मागची २० मोजायची. असे चार गाइड मिळतील, एकेका अक्षरानं सरकलेले. डीएनएच्या दोन पट्ट्यांत ए समोर टी आणि जी समोर सी असतं, म्हणून दुसऱ्या पट्टीसाठी याच पट्टीवर लागोपाठचे दोन सी शोधायचे, त्यांच्या पुढचं एक अक्षर सोडून पुढची २० घ्यायची, मग उलट्या क्रमानं लिहून ए-टी आणि जी-सी यांची अदलाबदल करायची. निवडताना ज्यात सलग चार टी आहेत तो गाइड बाद, कारण यीस्टमध्ये तिथेच आरएनए बनणं थांबू शकतं. जी आणि सी मिळून निम्म्याच्या आसपास असलेले बरे. उरतील ते इथे टाकायला सांग, बाकीच्या जीनोममध्ये ते आणखी कुठे जुळतात ते मी आणि माळरान सर त्याच्याबरोबर तपासतो.